धुऱ्यावरचा धूर

वावरातला_मास्तर (धागाकर्ता) | ८ डिसेंबर, रात्री ९:१०

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिले पाच प्रतिसाद शीर्षकातल्या शुद्धलेखनावर येतील.

गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात, कोळशाच्या रस्त्यावर. घरची पाच एकर कपाशी आहे आणि तिचा एक धुरा थेट डांबरी रस्त्याला भिडतो. यंदा सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून पहिला वेचा झाला, तेव्हा रस्त्याकडच्या सहा तासांचा, म्हणजे ओळींचा, कापूस आईने वेगळ्या गाठोड्यात बांधला. खेडा खरेदीवाल्याने त्यात हात घातला, बोटं पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, हा रस्त्याचा माल हाय ना?" क्विंटलमागे दोनशे कमी. मी म्हटलं कोळशाची धूळ असेल. तो म्हणाला, "धूय झटकली का पडते, हे पडून नाही राह्यलं." खरंच, बोटांवर तेलकट काळं काहीतरी चिकटलं होतं.

तिथून डोक्यात किडा वळवळला. शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो, म्हणून पोरांना कामाला लावलं. मांजरपाटाचे वीतभर तुकडे कापले आणि त्यांवर खोबरेल चोपडलं. थंडीने ते थिजलेलंच होतं, त्यामुळे वेगळं व्हॅसलीन आणावं लागलं नाही. एक तुकडा शाळेच्या फाटकावर, रस्त्यापासून दहा पावलांवर. दुसरा शाळेच्या मागच्या भिंतीला, साधारण ऐंशी पावलांवर. तिसरा मारुतीच्या पारावर, तिथून रस्ता अर्धा किलोमीटर. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, एक आमच्या चुलीपाशी लावू का?" लाव म्हटलं.

आठ दिवसांनी पाराचा तुकडा मातकट पिवळा झालेला, मागच्या भिंतीचा करडा आणि फाटकाचा काळा. चुलीपाशी टांगलेला तर फाटकापेक्षाही काळा! माझ्या सगळ्या भाषणावर त्या पोरीने बोळा फिरवला.

तरी भाषण केलंच. इंजिनात डिझेल जळतं म्हणजे काय होतं, हे चुलीवरूनच सांगितलं. लाकूड वाळलेलं आणि हवा भरपूर असली की धूर कमी, लाकूड ओलं आणि हवा कोंडलेली असली की डोळ्यांत पाणी. डिझेल-पेट्रोलमध्ये मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन असतो. पूर्ण जळलं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो म्हटल्यावर एक पोरगा उठला, "सर, लिटरभर डिझेल किलोचंबी नाही भरत, त्यातून अडीच किलो कसं निघन?" प्रश्न चोख होता. वरचं वजन हवेतून ओढलेल्या ऑक्सिजनचं. लिटरभर डिझेल जाळायला बारा किलोच्या आसपास हवा लागते. म्हणजे ट्रॅक्टर डिझेलपेक्षा हवाच जास्त पितो, आणि ती आपल्याच नाकासमोरची.

अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि काजळी. पण इंजिन कडक तापून छान चालत असलं तरी सुटका नाही. तेवढ्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. नीट जळू दिलं नाही तर काजळी, फार तापवलं तर हे. इंजिन बनवणारे गेली पन्नास वर्षं याच कात्रीत आहेत.

आता विचारायचं ते असं. शहरातल्या हवेचे आकडे पेपरात रोज येतात. गावात मोजायला यंत्र नाही, म्हणून हवा चांगलीच असं आपण धरून चालतो. पण फाटकावरचा तुकडा आणि पारावरचा तुकडा एकाच गावातले आहेत. गावाची सरासरी काढून काय उपयोग, पोरं उभी कुठे राहतात ते बघायला नको का? तुमच्याकडे काय दिसतं? मिस्त्री, डॉक्टर, शेतकरी, गाडीवाले, सगळ्यांनी लिहा.

---

कोथरूडचा_काटा | ८ डिसेंबर, रात्री १०:०२

मास्तर, प्रयोग गोड आहे, पण शेजारी चंद्रपूर ठेवून तुम्ही ट्रॅक्टरला पकडताय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण होते. देशातल्या सगळ्यांत वाईट पट्ट्यांत नाव होतं. खाणी, सिमेंट, औष्णिक वीज केंद्र हे सगळं सोडून सायलेन्सर?

---

वावरातला_मास्तर | ८ डिसेंबर, रात्री १०:३१

सोडलेलं नाही, पण एक फरक आहे. वीज केंद्राची चिमणी उंच असते. ती धूर वर सोडते आणि तो विरळ होत दूरवर पसरतो. एकूण धूर कितीतरी जास्त, पण तो एका ठिकाणी पडत नाही. सायलेन्सरचं तोंड मात्र जमिनीपासून हात-दीड हातावर, म्हणजे पहिलीतल्या पोराच्या नाकापासून फार लांब नाही. त्यातून पोरं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, वजनाच्या मानाने जास्त हवा ओढतात.

शिवाय सध्या थंडी आहे. पहाटे जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. आमच्याकडे सकाळी सातला धूर वर चढतच नाही, वावरावर आडवा पसरतो. शाळा, दूधवाला, पहिली एसटी, सगळं त्याच वेळेला.

---

इंजन_मिस्त्री | ९ डिसेंबर, सकाळी ६:४८

मास्तर, राम राम. धूर पाह्यला का मले इंजनाचं पोट दिसते. तीन रंग ध्यानात ठेवा.

काया धूर म्हंजे डिझेल जास्त, हवा कमी. बहुतेक वेळा एअर क्लीनर चोंदला राह्यते, नाही तर नोझल गळून राह्यली असते. निया धूर म्हंजे इंजन ऑइल जळून राह्यलं, रिंगा गेल्या नाही तर वाल्व्हचे सील गेले. पांढरा धूर थंडीत सकाळी उलसा निंगला तर चालते, गरम झाल्यावरबी निंगूनच राह्यला तर हेड गॅस्केट पाहा, पाणी आत जात असन.

पण खरी गोष्ट सांगू का? अर्धा काया धूर आम्हीच करून देतो. ट्रॉलीत कापूस डोंगरावानी भरला का चढावर ट्रॅक्टर दम टाकते. मंग मालक येते, "मिस्त्री, पंप वाढवून दे." पंप वाढवला का डिझेल जास्त जाते, ओढबी उलशी वाढते, अन् मागं कायाकुट्ट धूर. मालक खूश. म्हन्ते, धूर मारते म्हंजे ताकत हाय! अरे बावा, तो धूर म्हंजे तुह्याच पैशाचं न जळलेलं डिझेल हाय.

वाटीतल्या ऑइलचा एअर क्लीनर असन तर कापसाच्या सीझनात ते ऑइल लवकर लवकर बदला. कपाशीच्या रस्त्याची धूय अन् रुई, दोन्ही त्यातच जाऊन बसते. मी पाह्यलेल्या वाटीत एकदा ऑइलचा चिखल होता, वरून खापरासारखा कडक.

---

तुरीची_शेंग | ९ डिसेंबर, सकाळी ११:२०

त्या आठवीतल्या मुलीला माझ्याकडून शाबासकी. पुरुषमंडळींना धूर फक्त गाडीचाच दिसतो!

उज्ज्वलाचा सिलिंडर २०१६ नंतर आमच्या गावात बऱ्याच घरांत आला. पण पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) फुकट आणि सिलिंडर विकत, म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर. आंघोळीचं पाणी तर चुलीवरच. तेव्हा एकट्या गाड्यांवर धागा काढाल तर बायकांच्या फुप्फुसातला मोठा हिस्सा सुटून जाईल.

आता गाडीचंही सांगते. मी आठवड्यातून चार दिवस काळी-पिवळीने, म्हणजे वडापच्या जीपने, तालुक्याला जाते. पुढच्या सीटवर पुरुष, मधे म्हातारे आणि मागच्या आडव्या बाकांवर आम्ही बाया, पोरं, पिशव्या. मागचं दार कायम उघडं, कधी कधी नाहीच. गाडी धावायला लागली की धूर मागे उडून जायला हवा, तो उलटा आत येतो. तालुक्याला उतरेपर्यंत डोकं भणभणतं, मळमळतं. कंडक्टरपोऱ्या म्हणतो, "ताई, गाडी लागते तुम्हाले." आणि लग्नात पुढच्या सीटवर बसून दीडशे किलोमीटर गेले तेव्हा काही लागली नाही. हे काय गौडबंगाल आहे?

---

वावरातला_मास्तर | ९ डिसेंबर, दुपारी १:०५

ताई, गाडी पुढे जाते तशी तिच्या मागे पोकळीसारखा कमी दाबाचा भाग तयार होतो. आजूबाजूची हवा तिथे भोवरा करून शिरते आणि सायलेन्सरही तिथेच उघडतो. मागचं दार उघडं असलं की तो भोवरा आतच येतो. पुढच्या खिडक्या नीट उघडल्या तर ताजी हवा पुढून मागे वाहते, थोडा फरक पडतो. खरा उपाय मागचं दार बंद ठेवणं हाच. पण मग मागे लटकणारे चौघं कुठे बसवणार?

---

डॉ_साधाखोकला | ९ डिसेंबर, रात्री ८:४०

ग्रामीण रुग्णालयात आहे, तेव्हा शेंगताईंच्या "गाडी लागते"वरून सुरुवात करतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं ही कार्बन मोनॉक्साइडचीही लक्षणं आहेत. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. तुमच्या बाबतीत तोच आहे असं मी इथून म्हणणार नाही, काळी-पिवळीचे हिसके आणि डिझेलचा वास यांनीही मळमळतं. पण मोकळ्या हवेत तासाभरात बरं वाटतं का, याकडे लक्ष ठेवा.

याचं भयंकर रूप मी बंद जागेत पाहिलं आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत एका दुकानदाराने चोरीच्या भीतीने जनरेटर आत घेतला आणि शटर अर्धं ओढलं. तासाभराने तो आणि कामावरचा पोरगा दोघंही ओकत होते. घरच्यांना वाटलं, दुपारचं जेवण बाधलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८. कोविडनंतर हे यंत्र घराघरात आलं आहे, म्हणून मुद्दाम लिहितो: साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवत असतं. त्या दोघांना ऑक्सिजन लावून लगेच पुढे पाठवलं, वाचले. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात येतो. जनरेटर, ट्रॅक्टर, चारचाकी, कुठलंही इंजिन बंद खोलीत सुरू करू नका. गोदामाचं एक दार उघडं आहे, एवढ्यावर भागत नाही.

काजळीचा त्रास वेगळा, तो हळू चालतो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस बसतील. मोठी धूळ नाकात, घशात अडकते आणि खाकरून बाहेर पडते. हे कण थेट फुप्फुसाच्या फुग्यांपर्यंत जातात, त्यांतले सगळ्यांत बारीक रक्तातही उतरतात. म्हणून दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघात यांचीही जोखीम वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. याचा अर्थ दोन्ही सारखेच घातक असा नाही, दोन्हींमुळे कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे, एवढाच.

वर्षभराच्या सरासरीची मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली. मधल्या पस्तिसांत आपल्यातले बरेच जण राहतात.

---

हमाल_पुरा | ९ डिसेंबर, रात्री ९:१५

डॉक्टरसाहेब, जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढतात तिथं) आम्ही रोज गूळ खातो. गुळानं छाती साफ होते म्हन्तात. अन् तोंडाले दुपट्टा बांधतो. बरोबर हाय का?

---

डॉ_साधाखोकला | ९ डिसेंबर, रात्री ९:५०

दादा, गूळ पोटात जातो, धूळ छातीत जाते. दोन रस्ते वेगळे आहेत, गळ्यापाशीच फुटतात. गुळाने घसा ओला होतो, खोकल्याची उबळ थांबते आणि कष्टाच्या कामाला ताकद मिळते, म्हणून बरं वाटतं. खा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. श्वासनळीत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कचरा वर ढकलतात. विडीने नेमके तेच लुळे पडतात.

दुपट्ट्याने रुई आणि जाड धूळ अडते. तेवढ्यासाठी बांधाच. धुरातले बारीक कण त्याच्या विणीतून आरामात जातात. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर कण अडतात, वायू त्यानेही अडत नाहीत. उन्हाळ्यात स्कूटीवर स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुलींनाही हेच उत्तर.

---

पानं_वाचणारा | १० डिसेंबर, सकाळी ७:३०

कृषी शाखेचा आहे, म्हणून कपाशीकडे वळतो. आत्तापर्यंत सगळे रस्त्यालगतच्या धुराबद्दल बोलले. रस्त्यापासून जसजसं लांब जावं तशी काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने कमी होतात. मोठ्या महामार्गाचा ठळक प्रभाव साधारण तीनशे ते पाचशे मीटरपर्यंत राहतो. मास्तरांचा पाराचा तुकडा त्या हद्दीवर होता, तेव्हा तो मातकटच निघणार.

पण एक प्रदूषक याच्या अगदी उलट वागतो. ओझोन. तो कुठल्याच सायलेन्सरमधून निघत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांच्यावर कडक ऊन पडलं की हवेतच तयार होतो. वरच्या थरातला ओझोन आपल्याला वाचवतो, जमिनीलगतचा फुप्फुस आणि पानं दोन्ही जाळतो. गंमत म्हणजे शहराच्या ऐन चौकात तो कमी सापडतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. धूर वाऱ्यावर शहराबाहेर गेला की ओझोन वाढतो. नागपूरच्या गाड्यांचं देणं कुणाच्या वावरात चुकतं केलं जात असेल, याचा विचार करा.

हे माणसांच्या आधी पिकांनी सांगितलं होतं. १९४०च्या दशकात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपास पालक, लेट्यूस अशा पालेभाज्यांच्या पानांवर चंदेरी, कांस्यासारखे चट्टे पडायला लागले. कारण कळेना. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मित नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते, मूळचे हॉलंडचे. ते तेव्हा अननसाच्या वासावर काम करत होते. ते सोडून त्यांनी शहराची हवा गोळा केली आणि १९५०च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्या व तेलशुद्धीकरणाची वाफ आणि ऊन यांच्या संगमातून हा ओझोन जन्मतो. तसं धुकं काचेच्या खोलीत तयार करून त्यांनी ते रोपांवर सोडलं, तर पानांवर तेच चट्टे. ओझोन मोजायला ते वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरायचे, कारण ओझोनने रबराला भेगा पडतात.

आपल्याकडे गहू आणि सोयाबीन ही दोन्ही पिकं ओझोनला हळवी आहेत. सोयाबीन त्यातल्या त्यात बचावतं, कारण ते पावसाळ्यात असतं. आभाळ झाकलेलं असलं की ओझोन कमी बनतो. गहू मात्र फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दाणा भरतो, आणि नेमका तेव्हाच सापडतो. पान लवकर पिकतं, दाणा बारीक राहतो. शेतकरी म्हणतो, ऊन लवकर तापलं. तेही खरं असतंच, म्हणून तर ओझोनचा हिस्सा डोळ्यांनी वेगळा काढता येत नाही.

---

सायबीन_भाऊ | १० डिसेंबर, सकाळी ९:०२

मंग कपाशीवरचा लाल्याबी ह्याच्यानंच येते काय?

---

पानं_वाचणारा | १० डिसेंबर, सकाळी ९:२५

नाही भाऊ. लाल्या म्हणजे नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडणं, तुडतुड्यांचा मारा, बोंडं भरताना रात्री एकदम गार होणं, जमिनीत पाणी साचणं. ते गाड्यांच्या माथी मारू नका. मॅग्नेशियम सल्फेट फवारायचं सोडून महामार्गाला शिव्या देत बसाल.

काजळीचं नुकसान वेगळं. पानावर थर बसला की ऊन कमी पोचतं, पर्णरंध्रं बुजतात. बोंड फुटल्यावर रुई दिवसभर उघडी राहते आणि तिला तर धूळ-काजळी धरायला लागतेच किती वेळ! धुऱ्यावर तूर दाट लावा. दोन तास तुरीचे असले तर पडद्यासारखं काम होतं, सगळं नाही पण बरंच अडतं. रस्त्याकडचा कापूस वेगळा ठेवला हे मास्तरांच्या आईने शहाणपणाचं केलं, नाहीतर सगळ्या मालाला दोनशे कमी लागले असते.

---

कोथरूडचा_काटा | १० डिसेंबर, सकाळी १०:१०

मास्तर, एक सुचवू? तुकड्यावरच्या काळ्या कणांवर लोहचुंबक फिरवा. ब्रेक आणि इंजिनाच्या झिजेतले लोखंडी कण चिकटतील. कोळसा आणि काजळी वेगळी पडेल.

---

वावरातला_मास्तर | १० डिसेंबर, रात्री ८:००

पोरांनी फिरवलं. चिकटले! पाच मिनिटं आम्ही सगळे शास्त्रज्ञ झालो होतो. मग एकाने पाराच्या तुकड्यावर फिरवलं, तिथेही चिकटले. शेवटी वावरातली कोरडी माती घेतली, तिलाही चिकटले. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यातच मॅग्नेटाइट. कोथरूडकर, तुमची चाचणी दख्खनच्या पठारावर नापास.

भिंगाखाली मात्र फरक दिसला. कोळशाचे कण कोनेदार आणि चकाकणारे. काजळीला कण म्हणून दिसतच नाहीत, नुसता सारवल्यासारखा काळा लेप. फाटकाच्या तुकड्यावर दोन्ही होते. म्हणजे व्यापारीही बरोबर होता आणि मीही.

---

निवृत्त_घंटी | ११ डिसेंबर, सकाळी ६:१५

तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. डेपोत पहाटे पाचला पंधरा-वीस गाड्या एकदम सुरू व्हायच्या आणि ड्रायव्हर रेस देत बसायचे. लोकांना वाटतं इंजिन तापवतात. खरं कारण ब्रेक. एअर ब्रेकच्या टाकीत हवेचा दाब भरल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, आणि रात्रभरात गळून दाब उतरलेला असतो. गळती काढली असती तर पंधरा मिनिटांचं काम तीन मिनिटांत झालं असतं. आम्ही त्या धुरात उभं राहून तिकिटांचा हिशोब लावायचो. पांढरा रुमाल नाकाला धरला की दोन काळे ठिपके उमटायचे.

जुन्या लोकांना आठवत असेल, पेट्रोलमध्ये शिसं असायचं. इंजिन ठोकू नये म्हणून घालत. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. शिशाने लहान मुलांचा मेंदू मंदावतो आणि ते मातीत पडलं की कुठे जात नाही, असं ऐकलं आहे. जुन्या महामार्गालगतच्या जमिनीत अजून असेल काय हो?

---

पानं_वाचणारा | ११ डिसेंबर, सकाळी ८:४०

घंटीकाका, बरोबर ऐकलंत. शिसं मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही आणि वरच्या काही इंच मातीत धरून राहतं. वर्दळीच्या जुन्या रस्त्याला अगदी खेटून पालेभाजी, मुळा, गाजर लावू नये. कपाशी, तूर चालेल. आणि भाजी चांगली धुऊन घ्या, कारण बरंचसं शिसं चिकटलेल्या मातीतून पोटात जातं.

---

दहाचाकी | ११ डिसेंबर, रात्री ११:३०

राष्ट्रीय महामार्ग ४४ वर गाड्या चालतात आपल्या. सगळे ट्रकवाल्यांना धरतात म्हणून लिहितो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांतल्या) गाडीच्या सायलेन्सरला पांढरा रुमाल लावून बघा. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०) १० वर आलं, त्यामुळे काजळी धरणारा फिल्टर बसवता आला. वर युरियाची वेगळी टाकी. ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते गरम धुरात फवारलं जातं, त्याचा अमोनिया होतो आणि मास्तर म्हणतात त्या नायट्रोजनच्या ऑक्साइडचं परत साधा नायट्रोजन आणि पाणी होतं.

आता गोची बघा. शेतकऱ्याची ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांत मिळते. काही शहाणे तीच पाण्यात कालवून बादलीने विकतात. शेतीच्या युरियाला निंबोळीचं तेल लावलेलं असतं, वर बाकीची घाण. धुराच्या नळीतला, ही क्रिया घडवणारा महागडा कॅटॅलिस्ट चोंदतो. मग काही जण ती यंत्रणाच बंद करून घेतात. गाडी कागदावर बीएस-६, धुरात जुनीच.

---

इंजन_मिस्त्री | १२ डिसेंबर, सकाळी ६:३०

दहाचाकी भाऊ, खरं हाय. पन ट्रॅक्टरचं कोनी बोलत नाही. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरले जानेवारी २०२३ पासून नवे नियम आले. त्याच्या खालच्याले नाही. आमच्या भागात पन्नासच्या वर हाय कोनाचा? शंभरातले पाच नसन. अन् शहरात म्हातारी झालेली डिझेल गाडी कुठं येते? आमच्याच गावात येते, भाजीपाल्याले नाही तर काळी-पिवळीले.

---

नागपूरचं_संत्रं | १२ डिसेंबर, दुपारी १२:४५

पीयूसी कशासाठी आहे मग? नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड आहे.

---

दहाचाकी | १२ डिसेंबर, दुपारी २:१०

आहे ना. आमच्या ओळखीत एकाच्या गाडीचं पीयूसी गाडी गॅरेजमध्ये इंजिन उतरवून पडलेली असताना निघालं. फोटो फक्त नंबरप्लेटचा!

प्रामाणिकपणे केलं तरी त्यात पेट्रोल गाडीचं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या धुराचा नुसता काळेपणा. नायट्रोजनचे ऑक्साइड कोणी मोजतच नाही. ते तर दिसतही नाहीत.

---

नागपूरचं_संत्रं | १२ डिसेंबर, दुपारी २:२५

एकच उपाय, सगळं इलेक्ट्रिक करा.

---

तुरीची_शेंग | १२ डिसेंबर, दुपारी ३:००

चार्ज कधी करायचं, शेतीची वीज रात्री दोनला येते तेव्हा?

---

वावरातला_मास्तर | २९ डिसेंबर, रात्री ८:२०

थोडा उशीर झाला, परीक्षा होत्या. काय झालं ते सांगतो.

शाळेच्या फाटकाशी सकाळी तीन गाड्या पोरं सोडून दहा-दहा मिनिटं सुरूच उभ्या राहायच्या. एक जुनी व्हॅन, दोन ऑटो. मी गेलो आणि डॉक्टरांचं, जागतिक आरोग्य संघटनेचं, सगळं ऐकवलं. ऑटोवाले हो म्हणाले. व्हॅनवाला ऐकेना. मला वाटलं, अडाणी आहे, गाडी पुन्हा सुरू करायला जास्त डिझेल लागतं असं समजत असेल. दोन दिवस त्याच्यावर रागच धरून होतो.

तिसऱ्या दिवशी त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सर, बंद केली का सेल्फ घेत नाही. बॅटरी मेली हाय. पोट्ट्यांसमोर धक्का मारायले लावू का तुमाले?" नवी बॅटरी पाच-सहा हजारांची. महिन्याचं त्याचं गणित ऐकलं तर ती उन्हाळ्याआधी येणार नव्हती. मग जिनिंगच्या रांगेत गेलो तेव्हा मुद्दाम विचारत फिरलो. तीन तास रांग, बावीस ट्रॅक्टर, त्यांतले नऊ सुरू. नवांपैकी सात जणांचं उत्तर हेच, सेल्फ नाही तर बॅटरी.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "मास्तर, उतार पाहा ना!" शाळेच्या मागच्या बाजूला नाल्याकडे जाणारा उतार आहे आणि तिथे एक लहान फाटक आहे, दहा वर्षं बंद. कुलूप तोडलं, बाभळीची झुडपं पोरांनी आणि मी काढली. आता व्हॅन तिथे उतारावर तोंड करून उभी राहते. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, पोरं उतरतात, मग ब्रेक सोडून दुसऱ्या गिअरवर सुरू करतो. पोरांना ते सुरू करणंच बघायचं असतं, म्हणून ती काही वर्गात वेळेवर येत नाहीत. तो प्रश्न वेगळा.

नव्या फाटकावर तुकडा लावला आहे. आठ दिवसांत करडा झाला, काळा नाही. जुन्या फाटकावरचा अजून काळाच येतो, कोळशाचे ट्रक थोडेच आमचं ऐकणार. आणि ती आठवीतली मुलगी. तिच्या आईने चूल खिडकीखाली सरकवली, वरची दोन कौलं काढून काच बसवली. तिथे लावलेला नवा तुकडा ती उद्या आणणार आहे.

---

इंजन_मिस्त्री | २९ डिसेंबर, रात्री ९:०५

व्हॅनवाल्याले म्हना, उतारावर लावताना चाकाले दगड लावत जाय. हँडब्रेकबी पाहून घेईन म्या, रविवारी धाडा त्याले.